एक फोडून बघायचा

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, आणि मला स्वतःला उत्तरपत्रिकेपलीकडे काही लिहिण्याची सवय नाही. कॉलेजच्या अंकासाठी एखाद्या न विसरता येणाऱ्या माणसावर लिहा, असं आमच्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या तेव्हा वर्गातल्या मुलांनी आजोबा, शाळेतले सर, गावातले डॉक्टर अशी माणसं निवडली. मला मात्र एकच बाई आठवत राहिल्या, आणि त्या लोकांना मारायच्या. मी भीत भीत मॅडमना विचारलं, की मारणाऱ्या माणसावर लिहिलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, "मारणाऱ्या म्हणजे?" मी म्हणालो, "हातात येईल त्यानं." त्या म्हणाल्या, "लिही." म्हणून लिहितो आहे. यात काही कमीजास्त झालं तर तो दोष माझ्या लिहिण्याचा आहे, सुमनकाकूंचा नाही.

शहराला लागून असलेल्या वाडीत अमरावती रोडच्या आतल्या बाजूला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे त्यांचं दुकान होतं. ॲम्प्लिफायर, स्पीकर, मिक्सर दुरुस्त करायचं. लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत गाडीवर जे साउंड लावतात, त्यातलं बिघडलेलं सामान वाडी, हिंगणा, दवलामेटी इथून त्यांच्याकडे यायचं. दुकानाच्या मागे टिनाच्या छताची एक खोली होती. ती भाड्यानं द्यायची आहे असं मला कुणी तरी सांगितलं, म्हणून मी एका दुपारी तिथं गेलो.

दुकानासमोर गर्दी होती. मधोमध एक ॲम्प्लिफायर उताणा पडला होता, आणि गळ्यात जाड साखळी घातलेल्या एका माणसाची कॉलर धरून एक बाई त्याला चपलेनं मारत होत्या. चांगल्या उंच, हाडापेरानं मोठ्या, पदर कमरेला खोचलेला, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा.

"माह्या हातचा माल हाये का हा? सांग! सांग लोकायले!"

"ताई, मारू नका ना. लोकं पाहून राहिले."

"पाहू दे! त्यायलेच दाखवून राहिली मी!"

त्यांनी खाली बसून ॲम्प्लिफायरच्या पोटातून एक ॲल्युमिनियमचा डबा उपसला. चहाच्या ग्लासाएवढा असेल. तो दगडावर आडवा ठेवला, छिन्नी लावली आणि हातोडीचा एकच घाव घातला. डबा उभा चिरला गेला. आत मेणासारखं काहीतरी भरलेलं होतं, आणि त्या मेणात अंगठ्याएवढा दुसरा छोटा डबा रुतलेला होता. काकूंनी तो छोटा डबा चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला.

"मी बसवलेला काढला, हा कचरा घातला, अन् गावभर सांगत फिरला का सुमनचं काम टिकत नाही. आता सांग."

काकूंची नजर माझ्यावर पडली. "तू कोण बे? तुहा बी जळला का?"

"नाही... मी... खोलीसाठी."

"मंग थांब. याले पुरा होऊ दे."

मी थांबलो. खरं तर पळून जावंसं वाटत होतं. पण माझ्या ऐपतीची दुसरी खोली नव्हती.

त्या डब्याला कॅपॅसिटर म्हणतात, हे मला नंतर कळलं. मी कला शाखेचा, मला यातलं काही येत नाही. दिलीपदादांनी मला सांगितलं ते एवढंच, की ढोलाचा ठोका पडतो तेव्हा स्पीकरला एकदम जोराची वीज लागते, ती हा डबा साठवून ठेवतो आणि वेळेवर देतो. डबा खरा असेल तर वर्षानुवर्षं चालतो. डुप्लिकेट असेल तर बाहेरून मोठा, आतून लहान, आणि वर छापलेला आकडा नुसता छापण्यापुरता. वीज त्या आकड्याएवढी येते, माल मात्र तेवढा नसतो. मग तो फुगतो, आणि फुटतो. दिलीपदादा हे मला चहाच्या कपात बाटलीचं बूच टाकून समजावायचे.

दिलीपदादा म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ. साउंडची गाडी त्यांची, दुरुस्ती काकूंची. दोघांची जोडी बघितली की कुणालाही हसू यायचं. दादा बारीक, केस नीट विंचरलेले, सगळ्यांना 'भाऊ, भाऊ' करणारे. रस्त्यावर त्यांची गाडी दुसऱ्याच्या चुकीनं घासली तरी तेच सॉरी म्हणायचे. काकू त्यांच्या डोक्यात टपली मारत. "याले मायनं दुधात पाणी घालून पाजलं," असं त्या म्हणायच्या. दादा नुसते हसायचे.

काकू हे काम रेडिओ दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या वडिलांकडून शिकल्या. त्यांच्या नवऱ्याबद्दल वाडीत दोन गोष्टी सांगत. एक, की काकूंनी त्याला मारून हाकललं. दुसरी, की तो स्वतःच पळाला. मी एकदा धीर करून दादांना विचारलं, तर ते म्हणाले, "दोन्ही खरं हाये भाऊ. पहिले मारलं, मंग पळाला." काकूंच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा चकाकता डाग होता. त्याबद्दल विचारलं की त्या म्हणायच्या, "मांजर चावली."

त्यांचा माझ्यावरही राग असायचा, पण तो वेगळ्या जातीचा. मी दुपारी झोपलो की त्या जुन्या स्पीकरचं लोहचुंबक उचलून माझ्या टिनाच्या छतावर फेकायच्या. असा आवाज व्हायचा की मी झोपल्या जागी उडायचो. बाहेरून ओरडायच्या, "झोपाले आला का रे शहरात? बापाचा घाम इथंच वाळवून राहिला का?" पहिल्या वर्षाच्या परीक्षेला मी तापानं फणफणलो होतो आणि पेपरला जाणार नाही म्हणालो. काकूंनी मला दंडाला धरून उचललं, मोपेडवर मागे बसवलं, आणि कॉलेजच्या फाटकाशी उतरवून म्हणाल्या, "पडाचं असन तर आत जाऊन पड." मी पास झालो. निकाल सांगायला गेलो तर मान वर न करता म्हणाल्या, "मंग? नापास होशील म्हणून नेलं होतं का तुले?" आणि संध्याकाळी दादांच्या हाती तर्री-पोहे पाठवले.

माल घ्यायची त्यांची एक रीत होती. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत सुट्या भागांची दुकानं आहेत. काकू तिथं जायच्या त्या छिन्नी-हातोडी घेऊनच. हातोडीला त्या 'वकील' म्हणायच्या. कुठलाही माल घेतला की त्यातला एक डबा स्वतःच्या हातानं उचलायचा, तिथंच काउंटरवर फोडायचा, आत बघायचं आणि मगच बाकीचे घ्यायचे. फोडलेल्या डब्याचेही पैसे द्यायच्या. दुकानदारांना त्याचा राग नव्हता, रीत माहीत झाली होती. फक्त ज्यांचा माल खोटा असायचा ते काकू येताना दिसल्या की शटर अर्धं ओढून घ्यायचे.

एकदा मला पुस्तकं घ्यायची होती म्हणून मी त्यांच्याबरोबर मोपेडवर गेलो. त्या मुन्ना सेठच्या दुकानात शिरल्या. सेठ गोड बोलणारा, पांढरा शर्ट, कपाळाला टिळा. त्यानं खोकं पुढं केलं.

"आओ दीदी. एकदम ओरिजनल है. कल ही आया."

"वकिलाले विचारते," काकू म्हणाल्या.

त्यांनी खोक्यातला मधला डबा काढला, काउंटरच्या लोखंडी पट्टीवर ठेवला आणि घाव घातला. डबा उघडला. आत मेण, आणि मेणात छोटा डबा. दुकानात काम करणारे दोघे जण मागे सरकले. काकू काही क्षण त्या डब्याकडे बघत राहिल्या. मग सेठकडे.

"दीदी, कंपनी की गलती है, मेरी क्या..."

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, इतकं ते पटकन झालं. काउंटरची काच खाली आली. काकूंनी सेठला पांढऱ्या शर्टाच्या गळ्याला धरून अर्धा काउंटरवर ओढला आणि तो फुटका डबा, मेणासकट, धारदार पत्र्यासकट, त्याच्या खिशात कोंबला. शर्ट फाटला. पत्र्यानं सेठच्या छातीवर ओरखडा उठला आणि पांढऱ्या कापडावर लाल रेघ आली. "हे ठेव," काकू म्हणत होत्या, "हे घरी ने, अन् आपल्या पोरायच्या पंख्यात बसव! बसवशील? बोल ना बे, बसवशील?" आजूबाजूचे दुकानदार धावले. काकूंना दोघादोघांनी धरून बाहेर आणावं लागलं. त्या रस्त्यावर आल्या, खर्रा थुंकला, आणि मला म्हणाल्या, "पुस्तकं घेतली का तू?"

त्या दिवसानंतर गल्लीतल्या सगळ्यांनी ठरवलं, की काकूंना कुणीच माल द्यायचा नाही. दुसरीकडून मागवावं तर उशीर, आणि तिथं काय येईल याचा भरवसा नाही. काम अडायला लागलं. शेवटी मुन्ना सेठचाच निरोप आला. त्या दिवशी चुकून खराब खोकं आलं, आता चांगला माल ठेवतो, पण दीदींनी दुकानात यायचं नाही. भावाला पाठवा. भाई शरीफ आदमी है.

काकूंनी हातातलं काम बाजूला सारलं. मग दादांना समोर बसवलं. हातोडी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"तू जाशील. पण एक फोडाचा. तिथंच, त्याच्या पुढं. अन् फुटलेला तुकडा घरी आणाचा. मी पाहीन, मंगच बाकीचे बसवीन. समजलं का?"

"समजलं ताई."

"काय समजलं?"

"एक फोडाचा. तुकडा आणाचा."

पहिल्या वेळी दादा गेले तेव्हा त्यांनी खरंच फोडला. परत आल्यावर मला म्हणाले, "डोळे मिटून मारला भाऊ. त्याचे पोट्टे हसून राहिले होते. म्हणे दीदी का हथौड़ा घूमने निकला." तुकडा बघून काकूंनी मान हलवली. डबा काठोकाठ भरलेला होता, आत ओलसर कागदाची घट्ट गुंडाळी. काकूंनी ती नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "हां. हा खरा." त्यानंतर दादा जात राहिले, तुकडे येत राहिले, प्रत्येक तुकडा खरा. काकू निवांत झाल्या. मी त्यांना निवांत असं तेव्हाच पाहिलं. दुपारी खाटेवर पडून त्या कानात कापूस घालायच्या. आवाजाच्या धंद्यातल्या त्या बाईला मोठा आवाज अजिबात सहन होत नसे.

मग जयंती आली. एप्रिलचं ऊन तुम्हाला सांगायला नको. बुद्धविहारापासून चौकापर्यंत मिरवणूक निघते, तिचं साउंड दरवर्षी दादांच्या गाडीवर असायचं. त्याबाबतीत काकू फार जपायच्या. लग्नात आवाज बंद पडला तर नवरदेव रुसतो, पण जयंतीत आवाज बंद पडलेला काकूंना आपल्या घरचा अपमान वाटायचा. त्यांनी मोठा ॲम्प्लिफायर पूर्ण उघडला. जुने डबे फुगले होते, ते काढले. दादांनी सेठकडून नवे आणले, बरोबर फुटका तुकडा. काकूंनी वास घेतला, नवे डबे बसवले, वरून बोटाच्या पेरानं टकटक केलं.

"जा. आवाज तुटला तर तुहा पाय तोडीन."

"ताई, आज तरी गोड बोल नं."

"हे गोडच हाये."

दिवसभर तापलेल्या रस्त्याची धग संध्याकाळीही जात नव्हती. काकू पांढरं लुगडं नेसून, कानात कापूस घालून गाडीच्या मागे चालत होत्या. मी त्यांच्या बाजूला होतो. गाडीवर दादा, ॲम्प्लिफायरवर वाकलेले. उन्हाळ्यात सगळेच साउंडवाले वरचं झाकण काढून ठेवतात, हवा लागावी म्हणून. तसंच दादांनीही ठेवलं होतं. पोरं नाचत होती. निळे झेंडे. ढोलाचा प्रत्येक ठोका छातीत लागत होता.

मग एक वेगळाच ठोका झाला. आधी मला तो गाण्यातलाच वाटला. पण त्यानंतर सगळं बंद. आणि त्या शांततेत दादांची किंकाळी. गाडीवरून पांढरा धूर निघत होता. दादा दोन्ही हातांनी तोंड धरून मागे कोसळले होते, आणि बोटांमधून रक्त येत होतं.

काकू गाडीवर कशा चढल्या मला दिसलं नाही. मला दिसलं ते हे, की त्यांनी जनरेटरची वायर हातानं हिसडून तोडली, ठिणगी उडाली. दादांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांचे हात चेहऱ्यावरून ओढून काढले, एकदा बघितलं, आणि पदर दाबून धरला. खाली दोन पोरं मोबाइल वर करून शूटिंग करत होती. काकूंनी गाडीवरचं जे हाताला लागलं ते फेकलं. एकाच्या कपाळाला लागलं, त्याचा मोबाइल रस्त्यावर फुटला. "उचला!" त्या ओरडत होत्या. "उचला त्याले! पाहता काय बे, उचला!" तेव्हा लोक भानावर आले.

दादांना खाली उतरवताना मी पाहिलं, काकू वाकल्या आणि गाडीच्या फळीवरून काहीतरी उचललं. फुटलेल्या डब्याचा फाटका पत्रा होता. त्याला चिकटून मेण, आणि मेणात छोटा डबा. काकूंनी तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, की एक डोळा गेला, दुसरा वाचेल असं वाटतं. काकू दादांच्या उशाशी बसून होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा त्यांची जागा रिकामी होती. दादांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती.

"ताई कुठं गेली भाऊ?" पावलांच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं होतं.

बाजूच्या खाटेवरच्या पेशंटची बायको म्हणाली, "त्या गेल्या नं. पिशवीतून हातोडी काढून पाह्यली, अन् गेल्या."

दादा एकदम उठून बसले. सलाइनची सुई हातातून निघाली. "थांबव तिले! भाऊ, पळ, थांबव तिले!"

"दादा, झोपा तुम्ही..."

"मी फोडलाच नव्हता!"

मला काही कळेना. दादा माझा हात शोधत होते, तो सापडल्यावर त्यांनी इतका घट्ट धरला की दुखलं.

"पहिल्यांदा फोडला होता. मंग सेठनं मले बसवलं, चाय पाजली, घरचं विचारलं. माह्या मायचं विचारलं. आता ज्याची चाय पेली त्याच्याच मालावर हातोडी कशी मारू भाऊ, सांग? मले लाज वाटली. म्हटलं, इतका भला माणूस, खोटा कशाला देईन. ताईच्या खणात उरलेले खरे डबे होते. त्यातला एक घ्याचा, रस्त्यात फोडाचा अन् तिले दाखवाचा. दरवेळी तेच केलं. तिले वाटे, तिथंच फोडला."

मी धावलो. ऑटोवाल्याला लवकर चला म्हणत राहिलो. काकू मोबाइल वापरत नसत. फोन करावा तर कुणाला करावा?

मी गल्लीत पोचलो तेव्हा सगळी दुकानं बंद झाली होती आणि रस्ता माणसांनी भरला होता. मुन्ना सेठच्या दुकानाची नवी काच पुन्हा फुटली होती. काउंटरच्या त्या लोखंडी पट्टीवर रक्त होतं. लोकांकडून कळलं ते असं. काकूंनी पदराची गाठ सोडून तो छोटा डबा काउंटरवर ठेवला, सेठनं ओळखला, आणि तो काही बोलायच्या आत त्यांनी त्याचा उजवा हात मनगटाशी पट्टीवर दाबून धरला. डबा फोडायच्या त्याच जागी. आणि वकिलाला विचारलं. एकदा नाही.

सेठला दवाखान्यात नेलं होतं. काकू पोलिसांच्या गाडीत बसल्या होत्या, जाळीच्या मागे. हातावर, लुगड्यावर रक्ताचे डाग होते. चेहरा मात्र दुपारी खाटेवर पडायच्या तसा निवांत. मला पाहून म्हणाल्या, "तू काहून आला? कॉलेज नाही का तुले?"

सांगू की नको, मला कळत नव्हतं. पण दादांनी मला त्याच कामासाठी पाठवलं होतं. मी जाळीला तोंड लावून म्हणालो, "काकू, दादांनी तिथं फोडलाच नव्हता."

"काय?"

"सेठनं चहा पाजला म्हणून त्यांना लाज वाटली. तुम्हाला दाखवलेले तुकडे तुमच्याच खणातले होते."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "माह्या खणातले?"

"हो."

"म्हणजे मी माह्याच डब्याचा वास घेत होती."

मी मान हलवली. हवालदार मला मागे ओढत होता. काकू एवढंच म्हणाल्या, "माल तर त्याचाच होता नं?" पण ते त्यांनी मला विचारलं असं वाटलं नाही. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी जाळीच्या गजावर कपाळ आपटलं. त्या आवाजानं शेजारची पोलीस बाई दचकली. काकूंनी पुन्हा आपटलं. गाडी वळली, आणि वळेपर्यंत मला तो आवाज ऐकू येत होता. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

पेपर झाल्यावर मी गावी गेलो. पुढे मला वसतिगृहात जागा मिळाली आणि वाडी सुटली. दादांचा फोन लागत नव्हता. जामीन झाला, असं एकदा कुणाकडून कळलं. एकदा मी दुकानापर्यंत जाऊन आलो, तर कुलूप होतं. टिनाच्या छतावर ते लोहचुंबक तसंच पडलेलं होतं, गंजलेलं.

हा लेख मी अर्धा लिहून ठेवला होता, कारण याचा शेवट मला माहीत नव्हता. मागच्या आठवड्यात दादांचा फोन आला. नवा नंबर होता.

"जय भीम भाऊ. ओळखलं का?"

ते आता बुटीबोरीला एका सुताच्या कारखान्यात कामाला आहेत. एका डोळ्यानं चांगलं दिसतं म्हणाले. मी काकूंचं विचारलं.

"घरीच हाये. केस मिटल्यासारखीच हाये. सेठ नरम पडला, त्याच्या मालाची बी बोंब झाली होती नं. कोर्टातला वकील म्हणे, ताईनं दुकानात येऊन चार लोकायपुढं माफी मागितली तर तो आपलं बयान हलकं करीन. ताई तयार नव्हती. मी पाय धरले तिचे. म्हटलं, माह्यासाठी चाल."

"मग गेल्या?"

"गेली. सगळी गल्ली जमली होती. सेठचा हात असा वाकडा झाला भाऊ, बोटं मिटत नाही. ताईनं त्या हाताकडं पाह्यलं अन् हात जोडले. सेठ रडला. मी रडलो. मंग सेठनं खोकं आणलं, म्हणे, दीदी, ये मेरी तरफ से, आज से नया रिश्ता. अन् आपली हातोडी बी स्वतःच पुढं केली. म्हणे एक फोडके देख लो, आपका कायदा है."

"फोडला काकूंनी?"

"फोडला. भरलेला निघाला. लोकायनं टाळ्या वाजवल्या. मले वाटलं, झालं आता. पण ताई उठेच ना. तिनं दुसरा घेतला."

"मग?"

"तो बी फोडला. मंग तिसरा. कोणी थांबवलं नाही गा. सेठ बी नुसता पाहत राहिला. ती काउंटरपाशी उभी राहून एक एक फोडत गेली, आत पाहे, बाजूले ठेवे. सगळं खोकं रिकामं झालं. मंग हातोडी सेठपुढं ठेवली अन् मले म्हणे, चाल. तवापासून तिनं दुकान उघडलं नाही."

कारखान्याचा भोंगा वाजला. दादांना जायचं होतं. मी घाईघाईनं विचारलं, "आणि ते डबे? त्यात किती खोटे होते?"

"एक बी नाही भाऊ," दादा म्हणाले. "सगळे खरे होते."